आईच्या नावाने २५ लाख: स्वतःचा ट्रस्ट काढू, शाळेत एफडी करू की फाउंडेशनकडे देऊ?

गुरुजी, नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उत्तर लांबणार आहे हे आधीच सांगते, कारण दोन ओळीत उरकण्यासारखं हे नाहीये.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ६६, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, गाव कराडच्या बाजूला, जमिनीच्या एका तुकड्याचे २५ लाख आलेत आणि ते आईच्या नावाने मुलींच्या शिक्षणासाठी कायमचे लावायचेत. वकील म्हणतात ट्रस्ट काढा, मुख्याध्यापक म्हणतात शाळेच्या नावाने एफडी करा, पुण्याची मुलगी म्हणते कम्युनिटी फाउंडेशनकडे द्या. आणि न्यू जर्सीच्या धाकट्या बहिणीलाही त्यात भर घालायचीय.

मी गेली १९ वर्षं अशाच एका जिल्हा पातळीच्या फाउंडेशनमध्ये काम करते. डोनरशी बोलणं, संस्था बघून येणं, पैसे गेल्यावर हिशोब मागणं आणि परत डोनरला जाऊन सांगणं की काय झालं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे, ते लक्षात ठेवून वाचा.

तर पैसे कुठे ठेवायचे याची उत्तरं बँकेतही मिळतील. मला तुमच्या प्रश्नात जो खरा अवघड भाग दिसतो तो असा की २० वर्षांनी, तुम्ही नसताना, त्या वर्षी कुठल्या संस्थेला किंवा कुठल्या मुलीला पैसे द्यायचे हे कोण बसून ठरवणार? तो माणूस किंवा ती कमिटी कोण, तिला गावाची माहिती कुठून येणार, आणि ती चुकली तर तिला विचारणारं कोण? तिन्ही पर्याय या एका प्रश्नावर घासून बघा.

आधी शाळेची एफडी. एका जुन्या हायस्कूलच्या ऑफिसात मी गेले होते, तिथे भिंतीवर लाकडी बोर्ड, त्यावर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" अशी तीस-पस्तीस बक्षिसं पिवळ्या ऑइलपेंटने लिहिलेली. क्लार्कने रजिस्टर काढून दाखवलं. एक बक्षीस होतं ५०० रुपयांच्या ठेवीच्या व्याजातून, जुन्या मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्याला. मॅट्रिक जाऊन दहावी आली, शाळेत संस्कृत शिकवायला शिक्षक उरले नाहीत, आणि ठेवीचं वर्षाचं व्याज आता ३५ रुपयेसुद्धा होत नाही. बाकीच्या बक्षिसांना शिक्षक स्वतःच्या खिशातून भर घालतात आणि पाकिटावर देणगीदाराचं नाव लिहून मुलांच्या हातात देतात. ज्याने ५०० रुपये दिले त्या माणसाचं मन मोठंच होतं, त्या काळात ती चांगली रक्कम होती. पण त्याच्या मागे निर्णय घेणारं कुणी ठेवलं नव्हतं, फक्त पावती ठेवली होती. तुम्ही शाळेत आयुष्य काढलंय, हा बोर्ड तुम्हाला मी सांगायला नको.

मुख्याध्यापकांना एकदम नाही म्हणू नका, ५० हजार-लाखभर रुपये ग्रंथालयाला किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाला थेट देऊन टाका, याच वर्षी खर्च होतील असे. सगळी रक्कम मात्र तिथे अडकवू नका.

आता स्वतःचा ट्रस्ट. वकील चुकीचं सांगत नाहीयेत, २५ लाखात ट्रस्ट निघतो. पण पुढचं ऐका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, आयकराची नोंदणी वेगळी, ८०जी (म्हणजे देणगीदाराला टॅक्समध्ये सूट मिळावी म्हणून लागणारी मान्यता) वेगळी, त्यांची ठराविक वर्षांनी नूतनीकरणं, दरवर्षी ऑडिट, दरवर्षी रिटर्न, देणग्या घेतल्या तर ३१ मेच्या आत देणगीदारांची यादी आयकर खात्याला. एखादा विश्वस्त वारला किंवा बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, तो लटकला की पुढचा बदल अर्जही लटकतो, आणि मग बँक म्हणते सही कुणाची चालवू. मी असे ट्रस्ट बघितलेत की पैसे बँकेत आहेत, हेतू उत्तम आहे, आणि सात वर्षं एक रुपया खर्च झालेला नाही कारण कागदावर जिवंत असलेले पाचपैकी तीन विश्वस्त प्रत्यक्षात गेलेत. आणि २५ लाखांवर ७ टक्के धरून येणाऱ्या १.७५ लाखाच्या वार्षिक व्याजातून सीए-वकिलाचे पैसे गेल्यावर उरतं काय तेही बघा. तुमच्या घरात पुढची २० वर्षं हे मनापासून करणारं कुणी असेल, मुलगी म्हणाली मी करते, तर गोष्ट वेगळी. पण तिच्यावर हे आईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या नावाचं ओझं होऊन बसणार नाही ना, हे तिला एकदा निवांत विचारा.

कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे काय हे मुलीने नीट सांगितलं असेलच, तरी माझ्या शब्दांत सांगते. एका शहरासाठी किंवा जिल्ह्यासाठी एकच सार्वजनिक ट्रस्ट, त्याच्या पोटात वेगवेगळ्या लोकांचे वेगवेगळ्या नावांचे फंड, ऑडिट एक, ऑफिस एक, कमिटी एक, आणि ती कमिटी त्याच भागातली. अमेरिकेत क्लीव्हलंडला १९१४ साली फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने पहिलं असं फाउंडेशन काढलं. बँकेत बसून त्याच्या लक्षात आलं होतं की मेलेल्या माणसांच्या अटींनी जिवंत माणसांच्या कामी येऊ शकणारे पैसे अडकून पडलेत. तिकडचंच दुसरं उदाहरण: सेंट लुईसच्या एका माजी महापौराने, ब्रायन मलन्फी त्यांचं नाव, १८५१ मध्ये जाताना इस्टेटीचा तिसरा हिस्सा पश्चिमेकडे वस्तीला निघालेल्या आणि वाटेत सेंट लुईसला अडकलेल्या गरीब वाटसरूंसाठी ठेवला. पुढे रेल्वे झाली, बैलगाड्यांचे तांडे बंद झाले, पैसे राहिले आणि वाटसरू राहिले नाहीत. आपल्या बोर्डावरचं संस्कृतचं बक्षीस आणि हे, दुखणं एकच.

गॉफने केलं काय, तर डोनरची इच्छा कालबाह्य झाली तर कमिटीला ती बदलून त्याच्या जवळच्या कामाला पैसे लावता येतील असा अधिकार मूळ दस्तातच लिहून ठेवला. माझ्या मते फाउंडेशनचं सगळ्यात मोठं देणं हेच, बाकी सगळं त्याच्या खालोखाल. आपल्याकडे मुंबईत १९९१ साली बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट उभा राहिला तो याच कल्पनेवर. जिल्ह्याजिल्ह्यात मात्र अजून हे फार रुजलेलं नाही, तुमच्या भागात असं काही चालू आहे का आणि ते कसं चालतंय यावर बरंच अवलंबून आहे, त्याबद्दल खाली लिहितेय.

संस्थांना याचा काय उपयोग होतो ते एका उदाहरणाने सांगते, कारण डोनरला ही बाजू दिसतच नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी एक हंगामी वसतिगृह आहे, ३८ मुली. आमच्याकडे त्यांचा अर्ज आला होता डिजिटल बोर्डसाठी. मी गेले, बोर्डाची जागा बघितली, आणि मग माझ्या सवयीप्रमाणे स्वयंपाकघरात गेले. अर्ज कसाही लिहिता येतो, स्वयंपाकघर लपवता येत नाही. फळीवर तेलाचा डबा, तांदळाचं अर्धं पोतं, डाळीच्या डब्यात तळाला चार मुठी. मावशींना विचारलं किराणा कुठून येतो, तर म्हणाल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, वहीवर. दुकानात जाऊन वही बघितली, चार महिन्यांची उधारी, ४६ हजार. मावशींचा स्वतःचा पगार तीन महिने थकलेला. संस्थेच्या ताईंना विचारलं मग बोर्ड का मागितलात, तर त्या म्हणाल्या, "मॅडम, पगारासाठी कोण पैसे देतं? बोर्ड मागितला की मिळतो."

ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठी बाजूला काढलेला पैसा, बहुतेक वेळा प्रोजेक्टला येतो, वस्तूला येतो, फोटो निघेल अशा गोष्टीला येतो, आणि तोही उशिरा. संस्था चालते मात्र मावशींच्या पगारावर, लाइटबिलावर, हिशोब लिहिणाऱ्या पोराच्या मानधनावर. आम्ही त्या वर्षी बोर्ड दिला नाही, ९० हजार दिले ते मावशींच्या पगाराला आणि दुकानाच्या उधारीला, आणि पुढची दोन वर्षं तेवढेच देऊ असं लेखी दिलं. पुढच्या वर्षीचं माहीत असलं की संस्था माणूस टिकवून ठेवू शकते, एवढं साधं आहे ते. शिवाय आमच्या सीएंनी त्यांची तीन वर्षांची राहिलेली ऑडिटं लावून दिली, कारण ऑडिट नाही म्हणून त्यांना मोठी देणगी मिळत नव्हती आणि पैसे नाहीत म्हणून ऑडिट होत नव्हतं. हे काम एकटा डोनर करू शकत नाही, त्याला ते स्वयंपाकघर माहीतच नसतं.

ऑगस्ट २०१९ ला कृष्णेला पूर आला तेव्हाही हेच बघितलं. पहिल्या आठवड्यात सांगलीकडे कपड्यांचे ढीग आणि बिस्किटांचे ट्रक, देणाऱ्यांचं प्रेम खरं होतं, पण तिसऱ्या महिन्यात जेव्हा शेळ्या, शिलाई मशीन, पोरांची वह्या-पुस्तकं हवी होती तेव्हा फोन उचलणारं कुणी नव्हतं. ज्यांच्याकडे बिनअटीचा निधी बाजूला ठेवलेला होता आणि कुठल्या गावात कुठली संस्था खरी आहे हे आधीच माहीत होतं, त्यांनाच तेव्हा काही करता आलं.

आता डोनर म्हणून तुम्हाला काय मिळतं. आईच्या नावाचा फंड, दरवर्षी त्याचा वेगळा हिशोब, आणि पैसे कुठे गेले याचा रिपोर्ट. फाउंडेशन त्यासाठी काही टक्के खर्च घेतं, कुणी व्याजाच्या प्रमाणात घेतं, कुणी फंडाच्या. बरेच जण मला विचारतात, शंभरातले शंभर पोचतात ना? मी सरळ सांगते की नाही पोचत, आणि पोचतात असं कुणी सांगितलं तर त्यांचा खर्च दुसरं कुणीतरी भरतंय. त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जायला एसटीचं तिकीट लागतं आणि तिथे जाणाऱ्या माणसाला पगार लागतो. तो खर्च वाजवी आहे का आणि लपवलेला नाही ना, एवढं बघा.

पैशाचं गणित. इथे मी तुमच्याशी अगदी घरच्यासारखं बोलते. पहिलं म्हणजे टॅक्ससाठी घाई करू नका. ८०जी ची सूट जुन्या करप्रणालीतच मिळते, अशा ट्रस्टला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के, आणि तीही तुमच्या उत्पन्नाच्या साधारण १० टक्के मर्यादेत. पेन्शन वर्षाला ६ लाख धरली तर ६० हजारांपर्यंतची देणगी धरतात, त्यातली ३० हजारांची वजावट. एका वर्षात २५ लाख दिलेत तरी तेवढीच, उरलेली पुढच्या वर्षात ओढता येत नाही. दोन हजारांवर रोख दिलेत तर तीही नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलतात, बोलताना सगळे ८०जीच म्हणतात, तुम्ही सीएकडून खात्री करून घ्या.

दुसरं, "कायमचे" या शब्दाबद्दल. २५ लाख कॉर्पस म्हणून, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त त्याचं उत्पन्न वापरायचं या अटीवर दिले, ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला १.७५ लाख. ट्रस्टला उत्पन्नातला ८५ टक्के भाग त्या त्या वर्षी कामावर लावावा लागतो, सहज बाजूला ठेवता येतो तो १५ टक्के, म्हणजे सव्वीस हजार रुपये. महागाई ५ टक्के असेल तर मुद्दल टिकवायला वर्षाला सव्वा लाख परत टाकायला हवेत. म्हणजे मुद्दलाचा आकडा २५ लाखच दिसत राहील पण त्याची ताकद दरवर्षी थोडी थोडी उतरत जाईल, लाकडी बोर्डासारखीच, फक्त हळू. काही ट्रस्ट म्युच्युअल फंडात थोडा भाग ठेवतात, पण आयकराचे आणि धर्मादायचे गुंतवणुकीचे नियम वेगवेगळे आहेत, ते फाउंडेशनला विचारा.

याउलट तेच पैसे ७ टक्क्यांनी वाढत असताना १२ वर्षांत संपवायचे ठरवले तर वर्षाला साधारण ३.१५ लाख खर्च करता येतात. तेवढ्या पैशात ३८ मुलींच्या वसतिगृहाची एक मावशी आणि एक वॉर्डन वर्षभर टिकते. कायमचा छोटा निधी बरा की बारा वर्षं ठोस काम बरं, याचं उत्तर माणसागणिक वेगळं. माझं मत विचाराल तर २५ लाखांसारख्या रकमेत मी सगळं कायमचं करणार नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. १० लाख आईच्या नावाच्या फंडात कॉर्पस म्हणून, तसं स्पष्ट लिहिलेलं पत्र देऊन. उरलेले १५ लाख स्वतःच्याच नावावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, तिथे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि हल्ली ८.२ टक्के मिळतात, म्हणजे वर्षाला १.२३ लाख. त्या व्याजावर टॅक्स लागेल हे धरून, त्यातलं जमेल तेवढं दरवर्षी द्या, त्याच फाउंडेशनमार्फत किंवा थेट संस्थेला. याचे दोन फायदे. तुमच्या हयातीत तुम्ही स्वतः जाऊन बघाल, चुकाल, सुधाराल, आणि तुम्हाला कळेल की कोण भरवशाचं. आणि तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या आजारपणात हात पसरायची वेळ येणार नाही. सगळं एकदम देऊन टाकणारे डोनर मी बघितलेत, तीन वर्षांनी बायपासच्या बिलासाठी चौकशी करायला आलेले, आणि कॉर्पस परत देता येत नाही, ते सांगताना माझी जीभ उचलत नव्हती. उरलेली रक्कम तुमच्या पश्चात फंडात जावी असं मृत्युपत्रात लिहा, फाउंडेशनचं नोंदणीतलं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक घालून.

बहिणीचं वेगळं आहे. त्या भारतीय नागरिक असतील तर स्वतःच्या कमाईतून देऊ शकतात, ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही ती परदेशी देणगीच. मग घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची सरकारी परवानगी, हवी, पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत, आणि सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. म्हणजे फाउंडेशनने त्यांचे डॉलर घेऊन वसतिगृहाला द्यायचे, हा रस्ता बंद. त्यांनी एफसीआरए असलेल्या, स्वतः काम करणाऱ्या संस्थेला थेट द्यावेत, किंवा तिकडच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत. महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासून तिकडे मराठी माणसांनी चालवलेलं आहे, बहिणीची टॅक्सची सोयही तिकडेच होते. दोघांचे पैसे एका खात्यात आले नाहीत तरी एका कामाला जाऊ शकतात, फक्त तुमच्या खात्यातून फिरवू नका.

फाउंडेशन कसं निवडायचं? ऑफिसात जाऊन बसा. तीन वर्षांची ऑडिट रिपोर्ट मागा आणि देताना चेहरे कसे होतात ते बघा. कमिटीत तुमच्या तालुक्यातलं कुणी आहे का, निर्णयाची मिटिंग वर्षातून किती वेळा होते, विश्वस्तांच्या नात्यातल्या संस्थांना पैसे गेलेत का ते विचारा. मग त्यांनी पैसे दिलेल्या दोन संस्थांना त्यांना न सांगता फोन करा आणि विचारा, पैसे वेळेवर येतात का, आणि अडचण सांगितली तर ऐकून घेतात का. एक तांत्रिक गोष्टही विचारा: २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर ट्रस्टने दुसऱ्या ट्रस्टला १०० रुपये दिले तर ८५च खर्च म्हणून धरतात, याचं नियोजन ते कसं करतात? ज्यांना प्रश्नच कळला नाही त्यांच्याकडे मोठी रक्कम ठेवू नका.

आणि जवळपास मन भरेल असं फाउंडेशन मिळालंच नाही तर? मग मनाविरुद्ध देऊ नका. पैसे स्वतःकडे ठेवा, दोन चांगल्या संस्था निवडा, प्रत्येकीला तीन वर्षांचा शब्द द्या, पगाराला द्या, आणि दरवर्षी एकदा स्वयंपाकघरात जाऊन या.

शेवटची गोष्ट उद्देश कसा लिहायचा त्याबद्दल, कारण इथे माझीच चूक झालेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका काकांच्या फंडाचा उद्देश मी त्यांनी सांगितला तसाच लिहून घेतला: "आमच्या गावातल्या, इंजिनिअरिंगला गेलेल्या, गरीब घरच्या मुलीसाठी." तीन वर्षं त्या गावातून एकही मुलगी इंजिनिअरिंगला गेली नाही. नर्सिंगला दोन गेल्या, एक डीएड करत होती, त्यांना आम्ही देऊ शकलो नाही. काका तेव्हा हयात होते म्हणून पत्र बदलून घेता आलं. त्यानंतर मी प्रत्येकाला दोन कागद करायला सांगते. एक दस्तातलं वाक्य, ते मोकळं ठेवायचं: "सातारा जिल्ह्यातल्या मुलींचं शिक्षण आणि त्यासाठी काम करणाऱ्या संस्थांचा चालू खर्च", आणि पुढे गरज बदलल्यास कमिटीने जवळच्या कामाला लावावं असं कलम. दुसरा कागद म्हणजे साधं पत्र. आई कोण होती, किती शिकली होती, शाळा का सुटली, तुम्हाला शिकवताना तिने काय काय केलं. कायद्यात त्या पत्राला किंमत नाही, पण २० वर्षांनी कमिटीवर बसलेली अनोळखी माणसं तुमच्या आईला त्या एका पानावरूनच ओळखणार आहेत, आणि दोन अर्जांत निवड करायची वेळ आली की आमच्याकडे तेच पान बाहेर काढतात.

ते पान आधी लिहा गुरुजी, पैशाच्याही आधी. दस्तातलं वाक्य त्यातूनच सापडेल, आणि त्याचा मसुदा इथे टाकलात तर मी बघून सांगते.